मागाच्या खड्ड्यातल्या मुंग्या

घरात मुंग्यांची रांग दिसली की मला बाबांच्या मागाचा खड्डा आठवतो. तेव्हा नागपुरात आमच्या विणकर वस्तीत घरोघरी माग चालत, आणि विणताना बाबा त्या ओलसर खड्ड्यात पाय सोडून खालच्या पावड्या दाबत. त्यांना साखरेची बिमारी होती, गोड बंद होतं. एका दुपारी आईला खड्ड्यात उतरणाऱ्या मुंग्या दिसल्या. "यायनं गूळ लपवला असन. उतर वं, बघ," ती मला म्हणाली. बाबा हसत बाजूला सरकले. खाली अंधार होता, सुताच्या खळीचा आंबट वास होता. मी चाचपडलं, गूळ कुठेच नव्हता. डाव्या पावडीचा खिळा वर आला होता आणि मुंग्या चढलेलं तिथलं लाकूड चिकट लागत होतं. बोटं उजेडात धरली तर रक्त. "कोनाचं हाय वं हे?" बाबांनीच विचारलं. त्यांच्या पायाच्या अंगठ्याखाली भोक पडलं होतं, किती दिवसांचं कोण जाणे. दवाखान्यात डॉक्टरांनी टाचणी टोचली, तीही त्यांना कळली नाही. अंगठा आत्ता काढला तर पाय वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. "दुखत नाही तर कापता काहून?" म्हणत बाबा उठून घरी आले. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी डॉक्टरवर संशय घेतला, आईने गुळाच्या डब्याला कुलूप लावून त्यांच्यावर घेतला, त्या न दुखणाऱ्या पायावर मात्र कोणीच घेतला नाही. शेवटी तो गुडघ्याखालून कापावा लागला. आता साखर माझ्याही रक्तात आहे. रोज सकाळी मी तळव्यांखाली आरसा धरते, आणि जिथे काहीच दुखत नाही तिथे जास्त वेळ बघते.