पाणमांजराचा पासपोर्ट फोटो

गावात तिचं नावच ‘हसू नका’ पडलं होतं. स्टुडिओतल्या स्टुलावर कुणीही बसो, डॉक्टर असो की हमाल, ती आधी तेच सांगे, “हसू नका. मान सरळ. दोन्ही कान दिसू द्या.” बाहेर गल्ल्यावर नवरा गिऱ्हाइकांशी गप्पा छाटत बसे आणि आत ही गावातल्या झाडून सगळ्यांना एकाच पांढऱ्या पडद्यापुढे बसवी.

रविवारी मात्र कॅमेरा गळ्यात अडकवून ती भटक्या मंडळाबरोबर डोंगर चढे. मंडळाच्या खोलीत एक भिंत होती. सभासदांनी टिपलेले प्राणी-पक्षी तिच्यावर लागत, आणि प्रत्येक फोटोखाली जागा कुठली, वाट कुठली, ते नकाशासकट. इतक्या वर्षांत तिचा एकही फोटो तिथे लागला नव्हता. “वहिनींना बसलेलं गिऱ्हाईक लागतं हो,” अध्यक्ष म्हणायचे, आणि सगळे खिदळायचे. तीही हसे, पण आतून तिचा जळफळाट होई. त्या भिंतीवर आपला एक तरी फोटो असावा, असं तिला मनापासून वाटे, आणि त्यात काही गैर नव्हतं.

एका रविवारी ती जरा उशिरा पोचली, तर मंडळाची गाडी तिला टाकून निघून गेलेली. दुसरी एखादी घरी परतली असती. ही रागाच्या भरात उलट्या दिशेची पायवाट धरून एकटीच निघाली. तासा-दोन तासांनी एका ओढ्याकाठी बुटातला खडा काढायला बसली, तोच समोर पाण्यातून एक चपटं डोकं वर आलं.

पाणमांजर! खालच्या नदीचं गटार झाल्यापासून या भागात ते कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. ती मादी काठावर चढली, मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि थेट हिच्याकडे बघू लागली. मान ताठ, मिशा निथळत्या, दोन्ही कान समोर. मागे झाडाच्या मुळांमधल्या कपारीतून तीन पिल्लं एकमेकांना ढकलत डोकावत होती. “हसू नका,” हिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि बोटाने बटण दाबलं.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितल्यासारखंच होतं. संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. “वहिनी, भिंतीवर मधोमध जागा ठेवलीय. फक्त ठिकाण तेवढं नीट लिहा.”

स्टुडिओत ती फोटो उघडून बसली आणि तिला मंडळातल्या किराणावाल्याने टिपलेलं घुबड आठवलं. गेल्या वर्षी त्याचा फोटो जागेसकट लागला. आठवड्याभरात त्या झाडाखाली गाड्यांची रांग, ढोलीवर टॉर्चचे झोत, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप. घुबड अंडी तशीच सोडून गेलं ते गेलंच. फोटो मात्र अजून दिमाखात लटकतोय आणि कुणाला त्याची लाजही वाटत नाही.

मग तिने पाणमांजरामागेही रोजचा पांढरा पडदा आणला. मागचं सगळं पुसलं. ओढा गेला, दगड गेले, झाड गेलं. पिल्लांपाशी तिचा हात थबकला. इतकी सुंदर चौकट तिने जन्मात पकडली नव्हती. तरी तिने पिल्लं पुसली आणि मन बदलायच्या आत मूळ फोटोही उडवून टाकला.

मंडळाच्या बैठकीत टेबलावर पडला तो पांढऱ्या पडद्यापुढे ताठ उभ्या पाणमांजराचा पासपोर्ट फोटो.

“ही काय थट्टा?” अध्यक्ष म्हणाले. “मूळ फोटो कुठाय?”

“पुसला.”

“आणि जागा?”

“सांगणार नाही.”

“मग कुठल्या तरी मासिकातून कापलाय असं लोक म्हणतील. खोटारड्या ठराल, वहिनी.”

“ठरवा की! पण त्या घुबडाचं केलंत ते हिचं करू देणार नाही.”

घरी नवरा फुगून बसला. “मला तरी जागा सांग. विश्वास नाही का माझ्यावर?”

“तुमच्यावर आहे हो. तुमच्या तोंडावर नाही.”

फोटो भिंतीवर लागला नाही. गल्लीत तिला बघून लोक कुजबुजू लागले.

पुढच्या रविवारी ती पिल्लं बघायला निघाली. गावाबाहेर पडल्यावर मागे पावलं वाजली. वळून पाहते तर अध्यक्ष, किराणावाला, मंडळातली आठ-दहा टाळकी, सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे. सगळ्यांत मागे खाली मान घालून तिचा नवरा. फाट्यावर तिने ओढ्याची वाट सोडली आणि उजाड टेकडीची धरली. भर उन्हात तिने त्यांना माथ्यापर्यंत चढवलं.

“वहिनी,” अध्यक्ष बाकीच्यांबरोबर खाली बसून धापा टाकत म्हणाले, “इथे तर पाण्याचा टिपूसही नाही!”

“नाहीच. पण मी खोटारडी ना? मग माझ्या मागे काय शोधत आलात?”

तिच्या बोलण्यावर त्यांच्यातल्या एकाचाही अविश्वास नव्हता, हे तिला आता स्वच्छ दिसलं. आणि हेही दिसलं की हे लोक पाठ सोडणार नाहीत, म्हणून त्या ओढ्यावर तिला पुन्हा पाऊल टाकता येणार नाही. पिल्लं केवढी झाली, ते कळायचं नाही. तिला गलबलून आलं. तिने कॅमेऱ्याचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

“उठा,” ती म्हणाली. “पुढची टेकडी याहून उंच आहे.”