आवाज वेगळा बसवावा लागतो

जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून हलकं, फुकटातलं लिनक्स टाकायचं ठरलं आणि आमच्या गेवराईच्या घरात किस्से इतके साचले, की भांडी घासतानाही एखादा आठवून हसू फुटतं. सगळे माझ्याच अंगाशी आलेले!

निमित्त माझ्या मुलाखतीचं. काम घरबसल्या, दुसऱ्यांनी तयार केलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं. ओवी झाल्यानंतरची पहिली नोकरी. मुलाखत सोमवारी, व्हिडिओवर. आणि लॅपटॉप तर उघडता उघडताच झोपणारा!

पुण्याच्या दिरांना फोन लावला.

"वहिनी, लिनक्सचे दोन प्रकार असतात. एक तयार, टाकलं की सुरू. दुसऱ्यात एकेक भाग आपणच निवडून बसवायचा. तुम्ही तयारच घ्या."

"त्यात काय काय घातलंय, कुणाला माहीत?"

"वहिनी, ते ओवीला भरवायचं नाहीये!"

*

सासूबाईंना नवल वाटलं नाही. ओवीची नाचणी मी घरीच मोड आणून दळते. एकदा तयार पाकीट आणलं, तर त्यावरचं सगळं मी वाचेपर्यंत पोरगी झोपून गेली.

"उपाशी झोपली तरी चालंल," सासूबाई म्हणाल्या, "पर हिचं पाकीट वाचून व्हायला पायजे!"

*

अर्थात मी दुसरा प्रकार निवडला. शनिवारभर खपले. काळी स्क्रीन, कोपऱ्यात लुकलुकणारी पांढरी रेघ. अभिमानानं ह्यांना हाक मारली.

"अहो, झालं!"

"माउसचा बाण कुठंय?"

"बसवायचाय."

"खिडक्या?"

"त्याही."

"मग दिवसभर केलंस काय?"

"निवड!"

*

रविवारी बाण आला, खिडक्या आल्या, कॅमेरा आला. दिरांना कॉल लावला. दोघांची तोंडं हलतायत, आवाज नाही! 'आवाज वेगळा बसवावा लागतो,' असं कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं.

मागून सासूबाई: "कावून बसवती? ऱ्हाऊ दे की. लई शांत वाटतंय."

*

शेवटी ह्यांनी पेनड्राइव्ह लावून तयारवालं टाकलं. ओवीची वाटी संपायच्या आत सगळं सुरू! आवाजसुद्धा! वर पत्त्यांचा खेळ.

"हा कुणी मागितला होता?" मी.

"आता गप खेळ," हे.

*

सोमवारी ओवी सासूबाईंजवळ, स्वयंपाकघरात. आवाजाचा भरवसा नको म्हणून मी तो शेवटपर्यंत वाढवून ठेवलेला. बाकी उत्तरं बरी गेली. मग स्क्रीनवरच्या बाईंनी विचारलं, "तुमचा एखादा दोष सांगा."

दोष वाटणार नाही असा एखादा दोष मी शोधत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आलं,

"तयार कशावरच तिचा इस्वास न्हाई, बाई! देवानं केलेल्या वस्तूतबी खोड काढंल!"

बाईंनी चष्मा काढला.

"ह्या कोण?"

"सासूबाई."

"बरं. एक तारखेपासून जमेल?"