तारापूरला बांधकाम चालू होतं तेव्हा आई म्हणे घरीच होती!

मंडळी, आज सकाळपासून माझं डोकं तापलंय.

बाळंतपणाची रजा संपल्यावर नोकरी सोडावी, असा माझ्या सुनेचा विचार चालला होता. माझे बाबा तिला म्हणाले, "साठच्या दशकात तारापूरला अणुभट्टीचं बांधकाम चालू होतं. तवा मी एकटाच कामाला जायचो. तुझी आजी घरीच होती."

आई उसळली. "घरीच? मग बोईसरच्या बाजारात पाटी घेऊन सुके बोंबील कोन विकायचं?"

"ते काय काम हाय? घरचंच ते."

"तुमी भोंगा वाजला की सुटायचे. मी कवा सुटायची?"

मग बाबांनी चहा मागितला, आणि आई उठलीसुद्धा!

सुनेने तिला खाली बसवलं. "आजोबा, आजचा चहा तुम्ही करा. आणि मी नोकरी सोडत नाही."

सांगा, पगार मिळाला तरच ते काम असतं का हो?