प्रसादाच्या शिऱ्यातला गहू

आज माझ्या नातीला प्रसाद खाऊन उलट्या झाल्या, म्हणून लिहिते आहे.

रेवाला सिलिअ‍ॅक आहे. गव्हाने तिच्या आतड्यांना इजा होते. सकाळी आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत सत्यनारायण होता. मी पोहोचेपर्यंत शेजारच्या वहिनींनी तिला शिरा भरवला होता.

"ताई, हा तर रवा आहे, गहू कुठे? आणि प्रसाद कुणाला बाधतो का?"

बाधतो. रवा गव्हाचाच असतो. तिचं गहू टाळणं हे वजन घटवायचं फॅड नाही आणि एक घासही चालत नाही.

दुपारी रेवाने माझ्या हातचा वरणभातसुद्धा नाकारला. लहान मुलाला भरवण्याआधी तुम्ही विचारता का?

आत्ता तिच्या हातात एक सोललेलं केळं दिलं. तिने विचारलं, "आजी, इसमें गेहूँ तो नहीं है ना?"