फडकं कोणाच्या हातात होतं?

ती घटना विसरण्याचा मी कधी प्रयत्न केला नाही, कारण त्याचा उपयोग नव्हता. पावसाळ्यात गाडीची काच आतून धुरकटली की ती समोर येऊन उभी राहते. लोक मला दरोड्यांबद्दल आणि खुनांबद्दल विचारतात. अपघाताच्या गुन्ह्याबद्दल कोणी विचारत नाही. माझ्या नोकरीतला सगळ्यात दमवणारा तपास मात्र अपघाताचाच होता.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि परीक्षा देत देत निरीक्षक झालो. मागे कोणाची चिठ्ठी नव्हती. घरचा भाजीचा धंदा असल्यामुळे घासाघीस लहानपणीच अंगात मुरली होती. खात्यात तिचा जेवढा उपयोग झाला, तेवढा कायद्याच्या पुस्तकाचाही झाला नाही. राग मात्र मला लवकर येतो. त्याची किंमत मी वेळोवेळी मोजली आहे.

मी तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. श्रावणातली सकाळ होती. ढग माळशेजवरून खाली रस्त्यापर्यंत उतरले होते. मुरबाडहून निघालेल्या प्रवासी जीपने वैशाखरे गावाच्या अलीकडे एका बाईला उडवलं. वाडीवरची बाई, डोक्यावर कुर्डूच्या रानभाजीची पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती, बाजाराला जायला. ती जागेवरच गेली. आम्ही पोचलो तेव्हा भाजी रस्ताभर पसरली होती आणि ड्रायव्हरला लोकांनी चोपून काढलं होतं.

त्याच्या शर्टाला स्पिरिटसारखा वास येत होता. मागे बसलेले प्रवासी म्हणाले की जीपभर वास होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने 'कपड्यांना मद्यसदृश वास' असं लिहून दिलं. रक्ताचा नमुना मुंबईला गेला, पण त्याचा अहवाल यायला महिने लागतात. दुपारपर्यंत तालुक्याचा एक पुढारी माणसं घेऊन रस्त्यावर बसला आणि संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला, की दारुड्या ड्रायव्हरला ३०४ लावा, उद्याच्या पेपरात तसं आलं पाहिजे.

तेव्हाच्या कायद्यात ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध. त्यात जामीन सहजासहजी नाही आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत. ३०४-अ म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, त्यात जामीन ठाण्यातच होतो. मधल्या एका अक्षरात एका माणसाचं घर उठतं किंवा राहतं.

ड्रायव्हरला विचारलं, तर तो खाली मान घालून म्हणाला, "घेतली व्हती साहेब. लिवा तसं." झालं, सगळे खूश. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण वरिष्ठांच्या टेबलावर ती फार छान टिकते.

माझं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी गस्तीवरून येताना मी वाटेतल्या फाट्यावर थांबलो. तिथे एक बाई चहाची टपरी चालवते. मुरबाडहून येणारी प्रत्येक जीप तिथे थांबायची, त्यामुळे कोण कुठे गेलं, कोणाशी कोणाचं वाजलं, हे तिला माझ्या हवालदारांपेक्षा जास्त ठाऊक असायचं. ती माझ्या हातात कप देताना म्हणाली, "साहेब, त्या डायवरनी दारू पिली असं लिवलंत म्हणं तुमी? त्याचा बापूस पिऊन मेला. तवापासून तो बाटलीला शिवत नाय. आमचा मालक त्याला चिडवायचा, का रे, तुला चाय तरी चढतंय का."

मग ती सहज बोलून गेली, की त्या सकाळी त्याच्याकडे नवी बाटली होती, पण प्यायची नव्हे, काचेवर मारायची. आता काच पुसायची कटकट गेली म्हणून सगळ्यांना कौतुकाने दाखवत होता.

ठाण्यात परतलो आणि आवारात लावलेली जीप उघडली. पंचनाम्यात 'पुढील काच अस्पष्ट' एवढंच होतं. काच बाहेरून स्वच्छ होती, आतून मात्र तिच्यावर ताक सांडून वाळल्यासारखे पांढरे फराटे होते, सगळे डावीकडून आलेले. डाव्या बाजूला पायाशी ओलसर फडकं पडलं होतं आणि सीटखाली प्लॅस्टिकची फवाऱ्याची बाटली. पंचनामा करणाऱ्या जमादाराने ती पाण्याची समजून सोडून दिली होती. मी तिचं झाकण उघडलं आणि वास घेतला. ड्रायव्हरच्या शर्टाला होता तोच वास. त्या वेळी मी जमादाराला जे बोललो ते छापण्यासारखं नाही. मग दोन पंच बोलावून बाटली आणि फडकं मुद्देमालात घेतलं.

आता एक गोष्ट बाहेरच्या वाचकाला सांगायला हवी. आमच्याकडच्या जीपमध्ये पावसाळ्यात बाजूचे प्लॅस्टिकचे पडदे बंद असतात. आत ओल्या कपड्यांची, ओल्या टोपल्यांची माणसं खच्चून बसलेली. सगळ्यांचा श्वास काचेवर जमतो. म्हणून ड्रायव्हरच्या शेजारी जो बसेल त्याने काच पुसत राहायचं, ही रीत. पुढची सीट आरामाची, पण फडकं हातात घ्यावं लागतं. कोणी ते ठरवलेलं नाही, पण कोणी मोडतही नाही.

म्हणजे प्रश्न असा होता की त्या सकाळी फडकं कोणाच्या हातात होतं.

मी सगळ्या प्रवाशांना परत बोलावलं. एरवी एकमेकांचं बोलणं तोडून बोलणारी माणसं. पण शेजारी कोण बसलं होतं, असं विचारलं की एकजात गप्प. एकाने सांगितलं, आमी मागं व्हतो, गर्दी व्हती. दुसऱ्याला झोप लागली होती. पुढेच दाराशी बसलेला एक म्हातारा तर म्हणाला की त्याला दिसतच कमी. सगळे एकाच वाडीचे, मेलेल्या बाईच्याच. तिच्या मरणाचा राग असलेली माणसं कोणाला तरी झाकत होती, आणि तो कोणी ड्रायव्हर नव्हता.

मी ड्रायव्हरला समोर बसवलं. हात उगारला नाही. भाव करायला बसलो. किती घेतली होतीस? क्वार्टर. मी म्हटलं, क्वार्टर जास्त होते रे, कोर्टात जड जाईल, अर्धी क्वार्टर लिहू या. तो म्हणाला, बरं, अर्धी लिवा. मी आणखी उतरलो, एकच घोट म्हटलं तर? तो म्हणाला, तुमी म्हणाल तसं. आयुष्यभर मी भाव पाडत आलो आहे. ज्याच्याकडे खरा माल आहे तो कुठेतरी अडतो, चिडतो, पाठ फिरवतो. हा अडतच नव्हता. त्याच्याकडे दारू नव्हतीच, म्हणून तो ती मागाल तेवढी देत होता.

मग मी बाटली टेबलावर ठेवली आणि विचारलं, फडकं कोणाकडे होतं?

त्याने बाटली हाताने बाजूला सारली. मग म्हणाला, "साहेब, आई गेली त्याची. आता हे बी त्याच्या डोक्यावर नका टाकू."

मुरबाडच्या एका कारखान्यात रात्रपाळी करून परतणारा त्या बाईचा मुलगा ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता. बाटली नवीन, म्हणून ड्रायव्हरने ती त्याच्या हातात दिली. काच धुक्याने भरली तशी पोराने चालत्या गाडीत, ओल्या काचेवर, सरळ फवारा मारला. थोडा ड्रायव्हरच्या अंगावर उडाला. आधीच विडीच्या धुराचा आणि धुळीचा थर बसलेली काच पुसल्याबरोबर पांढरीफेक झाली. साफ व्हावी म्हणून त्याने आणखी मारला. ड्रायव्हरने ब्रेक दाबेपर्यंत धक्का बसला होता. खाली उतरून पाहिलं तर आई.

ड्रायव्हरला ३०४ आणि ३०४-अ यातला फरक माहीत नव्हता. आपण आत जाणारच आहोत, तर दारूने गेलो म्हणू, म्हणजे काचेबद्दल कोणी विचारणार नाही, असा त्याचा हिशेब.

बाटली कुठली, ते त्याने सांगितलं. मी साध्या कपड्यांत शहापूरला गेलो. सापगावच्या रस्त्याला गाडीच्या सामानाचा एक ठेला होता. सीटकव्हर, हॉर्न, लिंबू-मिरच्या आणि या बाटल्या. वर छापील काही नाही. ना घटक, ना बनवणाऱ्याचं नाव, ना वापरायचं कसं. ठेलेवाला म्हणाला, "एकदम फॉरेनचा माल हाय शेठ, धुकं जवळ येनार नाय." मी भाव पाडायला सुरुवात केली आणि तो पहिल्याच फटक्यात निम्म्यावर आला. तेव्हाच कळलं की माल घरच्या बादलीतला आहे. ओळख दिल्यावर त्याने ते कबूलही केलं. भांडी घासायचा साबण, स्पिरिट आणि अत्तर.

त्यानंतर मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून त्या जीपच्या काचेवर आवारातच ते द्रव्य मारून पाहिलं. मळक्या ओल्या काचेवर लगेच साय धरल्यासारखा पांढरा थर आला आणि पुसू तसा पसरला. ते निरीक्षक जाणकार होते. त्यांनी तेव्हा सांगितलेलं मी आजही माझ्या गाडीत पाळतो, आणि ज्याला त्याला रागावून सांगतो. काचेला आतून लावायचं द्रव्य घ्यायचं तर ज्यावर घटक आणि कृती छापलेली आहे, आतल्या काचेसाठी म्हणून लिहिलेलं आहे, तेच घ्यावं. काळी फिल्म लावलेली असेल तर तिला चालतं का हे बघावं. लावायचं ते उभ्या गाडीत, दारं उघडी ठेवून, जवळ विडी-काडी नको. आधी काच धुऊन कोरडी करायची, द्रव्य काचेवर नव्हे तर फडक्यावर थोडंसं घ्यायचं, पातळ फिरवायचं, वाळू द्यायचं आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने चकाकेपर्यंत पुसायचं. कोपऱ्यात आधी करून बघायचं. इतकं करूनही खिडकी बोटभर उघडी ठेवावी लागते आणि पंख्याचा वारा काचेवर सोडावा लागतो. काच दिसेनाशी झाली तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं. चालत्या गाडीत तिच्याशी खेळायचं नाही.

वरिष्ठांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, पेपरात दारू आली आहे, आता साबण कुठून आणता? मी आवाज चढवला. तो चढवायला नको होता असं मला अजूनही वाटत नाही. मी ३०४-अ लावलं. त्या वर्षीच्या बदल्यांत माझं नाव होतं, आणि पुढच्या बढतीत नव्हतं. रक्तात दारू नसल्याचा अहवाल आला तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो. त्याबद्दल मला फोन एका हवालदाराने केला, वरिष्ठांनी नाही. ठेलेवाल्यावर कारवाईचा प्रस्ताव मी पाठवला होता. त्याचं काय झालं ते मला कोणी कळवलं नाही. परवा त्या रस्त्याने गेलो तेव्हा बाटल्या तशाच टांगलेल्या होत्या, आतल्या द्रव्याचा रंग फक्त निळा झाला आहे.

तपास चालू होता तेव्हा मुलाचा जबाब घ्यायचं मी लांबवत होतो. त्याच्याशिवाय ड्रायव्हर ३०४ मधून सुटत नव्हता, आणि घेतला तर वाडीने जे झाकलं ते कागदावर येणार होतं. शेवटी क्रियाकर्म उरकून तो स्वतःच आला, डोकं भादरलेलं, बरोबर बाप. बाप दाराशी उकिडवा बसला. मुलगा आयटीआय झालेला, बोलणं नीट. म्हणाला, "साहेब, फडकं माझ्या हातात होतं. त्या दादाला सोडा. त्यानं माझ्यासाठी मार खाल्ला."

मी त्याला सांगितलं की गाडी चालवणारा ड्रायव्हर होता, बाटली त्याने दिली, गाडी त्याने थांबवायला हवी होती. कायद्याने तुझ्यावर काही येत नाही. तो ऐकत होता, पण त्याला ते पुरत नव्हतं. मी बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "मला ठावं हाय सगलं. पयल्या दिसापासून. बोलून ती येनार हाय का?"

जबाब लिहून झाला, वाचून दाखवला. उठताना मुलगा थांबला. म्हणाला, "आमच्या कंपनीत प्रत्येक पिंपावर लिहिलेलं असतं. काय आहे, कसं वापरायचं, काय नाही करायचं. मी रोज वाचतो. त्या बाटलीवर काही लिहिलं असतं तर मी वाचलं असतं साहेब."

तपासात माणसं खोटं बोलतात ते नेहमी स्वतःला वाचवायलाच, असं मी तोवर धरून चाललो होतो. त्या जीपमधलं प्रत्येक खोटं दुसऱ्यासाठी होतं, आणि खरा लबाड ज्याला म्हणावं त्या ठेलेवाल्याला कुठलंच कलम नीट बसत नव्हतं. हे कळून मी शहाणा झालो असं म्हणवत नाही, दमलो मात्र.

मुलाचं ते शेवटचं वाक्य मी जबाबात घालून घेतलं. आरोपपत्रात त्याचा काही उपयोग नव्हता. लेखनिकाने विचारलं, साहेब, हे कशाला? मी म्हटलं, तू लिही.