आईने शिकवलेली शर्यत

शर्यत कशी जिंकायची हे मला आईने शिकवलं, आणि ती स्वतः जन्मात कधी धावली नव्हती. कुळगावातून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन ती रोज उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात चालत जायची. जी बाई आधी पोचेल तिला बराकींजवळची पहिली जागा मिळायची. आमच्या आळीत तिच्याहून तरण्या, धडधाकट बाया पुष्कळ होत्या, पण पहिल्या जागेवर बसलेली दिसायची ती आईच.

पन्नास सालानंतरची गोष्ट. अंबरनाथच्या एका कारखान्याने तरुणांसाठी क्रॉस कंट्री ठेवली. कारखान्याच्या मैदानातून निघायचं, शेतांमधून कुळगावच्या अंगाला यायचं आणि वळून परत जायचं. पहिला येईल त्याला कामावर घेणार, असं त्यांनी जाहीरच केलं होतं. मला ती नोकरी हवीच होती, कारण आईची मान आता वळेनाशी झाली होती. कोणी हाक मारली की ती सगळं अंग फिरवून बघायची. मला ते बघवत नसे, आणि बघवत नसलं की मी तिच्यावरच खेकसायचो.

अडचण होती कॅम्प नंबर तीनमधल्या एका सिंधी मुलाची. ताडमाड उंच, माझी दोन पावलं तिथे त्याचं एक. मी आईला म्हटलं, "त्याच्यापुढे आपला निभाव लागायचा नाही."

"त्याचे म्होरं जातंस कशाला?" ती म्हणाली. "मागं ऱ्हा. वारा त्याला खाऊ दे. तोंड मिटून धाव, तुझा दम त्याला ऐकू येता कामा नये. आन् गाठायचा तो वळणावर. सरळ वाटेवर गाठलास तर तो तुला बघून जोर करतो. वळणापल्याड तू दिसलाच नाहीस, का त्याचं मन बसतं."

ती स्वतः हेच करायची. सगळ्यांत दांडग्या बाईच्या मागून गप्पा मारत चालायची आणि करवंदीच्या जाळीचं वळण आलं की दिसेनाशी व्हायची. मग तिने मला मुळ्याची पाटी देऊन अनवाणी बांधावरून चालवलं. "पायाकडं बघू नको, तीन पावलं म्होरं बघ." मी दोनदा आपटलो. तिने दोन्ही वेळा आधी मुळे उचलले.

शर्यतीच्या दिवशी भात कापून झालेलं होतं, शेतात धसकटं उभी होती. तो मुलगा सुरुवातीपासून पुढे. मी तोंड मिटून त्याच्या पाठीला चिकटलो. बांधावर त्याचे बूट घसरायला लागले, तो जपून पावलं टाकायला लागला. करवंदीच्या वळणावर मी सुटलो. पुढे जाऊन पाहिलं तर तो चांगला मागे पडला होता. मैल-दीड मैल उरला होता. मी धावता धावता चक्क हसलो.

आणि समोर बांधावर एक अनोळखी म्हातारी उभी. डोक्यावर कापडाची चुंबळ, पायाशी लाकडांची मोळी.

"बाळा, हात लाव रं."

आमच्याकडे ही हाक ऐकून कोणी पुढे जात नाही. जड ओझं एकट्याने डोक्यावर चढत नाही. वाटेवरचा माणूस हात लावतो आणि आपल्या वाटेने जातो. यात विचार करण्यासारखं काही नसतं, आणि मी केलाही नाही. थांबलो. मोळी उचलली, तर म्हातारी म्हणते, "थांब, चुंबळ सरकली." मी गाढव त्या चुंबळीसाठीही थांबलो! तेवढ्यात ते लांब पाय आमच्या शेजारून शेतातून निघून गेले. त्याला ती हाक कळलीही नसेल. मी जीव तोडून धावलो आणि दहा पावलांनी हरलो.

घरी आल्यावर आईला मोळीचं आणि हरल्याचं सांगितलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती.

"मोळी नीट चढवलीस ना?"

"चढवली."

"मंग झालं. पयला कोण आला?"

मी त्या उंच मुलाचं नाव आणि बराक सांगितली. तिचे हात थांबले. "तो व्हय? त्याची आय एकच जुडी नेते, नि खाणारी सहा तोंडं." आता त्या मुलावर रागवायचीही सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने अंगणात पाटी भरली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि म्हणाली, "हात लाव." मी पाटी उचलली. काल परक्या बाईची मोळी चढवली होती याच हातांनी, आणि आईच्या डोक्यावरचं ओझं होतं तिथेच राहिलं. मला रडू आलं. दोन्ही हात पाटीला, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

ती पाटीसकट सगळी माझ्याकडे वळली. "रडतंस काय? पुढल्या साली मी बसते त्या बांधावर. तुझ्या म्होरं जो पोरगा असंल त्यालाच सांगते, बाळा, हात लाव."

ती थट्टा करत नव्हती, खरंच बसली असती. पण पुढल्या साली शर्यत भरलीच नाही, आणि आई आणखी चार वर्षं कॅम्पात पाटी नेत राहिली.