सरुबाईची पुळण

सरुबाई बारा महिने अंगणात झोपते, याचं सास्तूरात कुणाला नवल नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं, तरी त्या पिढीतल्या कितीतरी जणांची बाज अजून छताखाली गेलेली नाही. नवल वाटायचं ते तिच्या शिक्षक लेकाला, प्रसेनजितला. कारण एरवी कुत्रं भुंकलं तरी उठून बसणारी ही बाई काही वर्षं घोरत, गाढ झोपलेली त्यानं पाहिली होती. तीही समुद्राकाठी.

प्रसेनजितला नोकरी लागली ती रत्नागिरी जिल्ह्यात, आंबवेळच्या शाळेत. कोकणात गेलेल्या मराठवाड्याच्या गुरुजींचं पहिल्या दिवसापासून एकच घोकणं असतं, बदली. याचंही तेच. वडील आबाराव वारल्यावर त्यानं आईला तिकडं नेलं. तेरणेच्या पुराहून मोठं पाणी तिनं कधी बघितलेलं नव्हतं. समुद्र बघून म्हणाली, "ह्याला पल्याडचा काठच न्हाय व्हय रं?" आणि शाळेमागच्या पुळणीवर जरा पाठ टेकते म्हणून जी आडवी झाली, तिला दिवेलागणीला शेजारच्या शेवंताकाकूंनी हलवून उठवलं.

पुळण म्हणजे तिकडची किनाऱ्याची वाळू. आंबवेळची पुळण काळसर आणि पिठासारखी मऊ. वरच्या अंगाला सुरूची झाडं, त्यांच्या पायाशी वाळू धरून ठेवणारी, जांभळ्या फुलांची मर्यादवेल. एका टोकाला खडप, म्हणजे भरतीत बुडणारे कातळ होते, ओहोटी लागली की बायका तिथं कालवं काढायला बसायच्या. थंडी सरताना कासवं वाळूत अंडी घालून जायची. ओहोटीच्या वेळी शेवंताकाकूंनी सरुबाईला पाण्यातून डोकं काढणारी एक विहीर दाखवली होती. शिडाच्या मचव्यांतून कौलं यायची त्या काळात तिथं वाडी होती. समुद्र पुढं आला तशी वाडी मागं सरकली.

"मंजी तुमचं बी गाव सरकलं," सरुबाई म्हणाली होती. "पर तुमाला त्यानं सांगून-सवरून सरकवलं."

मग एकदाची गावाकडं बदली झाली. प्रसेनजितनं शाळेत पेढे वाटले, आणि "आईसाठी केलं हो सगळं," असं ज्याला-त्याला सांगितलं. आपली हौस आईच्या नावावर खपवायला माणसाला फार वेळ लागत नाही. आईला मात्र कुणी विचारलंच नव्हतं. तिनं हातातला पेढा तसाच ठेवून दिला, हे त्यानं पाहिलं आणि मनावर घेतलं नाही.

सास्तूरला आल्यापासून तिची झोप पुन्हा उडाली. डोळे खोल गेले, खोकला हटेना. डॉक्टर म्हणाले, ओलीत बाहेर झोपू देऊ नका. प्रसेनजितनं तिच्यासाठी भूकंपाला दाद न देणारी, जाड पिलरची खोली बांधली. सरुबाई उंबऱ्यापर्यंत यायची अन् मागं फिरायची. भूकंपात तिची सात वर्षांची लेक श्रावस्ती दगड-मातीच्या घराखाली गेली होती. ती दगडाला भिते, हे प्रसेनजितनं लहानपणापासून धरून ठेवलं होतं. तिचं एकच मागणं असायचं.

"मला पुळणीवर न्हे रं बाबा. चार रोज झोपून येते."

"दिवाळीत जाऊ, माय." मग उन्हाळ्यात. मग पुन्हा दिवाळीत.

तो टाळत होता. शेवंताकाकूंचा फोन त्यालाच आला होता: "गुरुजी, पुळण गेली हो सगळी. वादळानं ओढून नेली. सुरूची झाडं पडली. आता ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडांचा बंधारा घातलाय." दगडांचा! जिथं तिला झोप लागली, तिथंच दगड रचलेला तिला कसा दाखवायचा? त्यानं ते आतल्या आत गिळून टाकलं. आई डोळ्यांदेखत वाळत चालली होती आणि याला काही सुचत नव्हतं.

शेवटी एक सुचलं. बांधकामाचा माल पुरवणाऱ्या, गावातल्या महालिंगप्पाला सांगून त्यानं ट्रॅक्टरभर वाळू मागवली, नव्या खोलीत घोटाभर पसरली आणि आईला हाताला धरून आणलं.

"बघ माय. तुझी पुळण."

सरुबाई आज उंबरा ओलांडून आत आली. लेकाचं मन राखायला आली असावी. खाली बसून तिनं मूठ भरली, चोळली आणि सोडून दिली. हाताला टोचलं होतं.

"ही वाळू कुठली रं?"

प्रसेनजितनं दाराशी उभ्या महालिंगप्पाकडं पाहिलं. तो बिचारा गोंधळला. "नदीची आता कुठं मिळती, सर? क्रश सँड हाय ही. खडीच्या मशिनीत दगड फोडून करत्यात. समदी घरं हिच्यावरच हुबी हायती."

दगडाला भिणाऱ्या आईसाठी त्यानं खोलीभर दगडच अंथरला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महालिंगप्पा गेल्यावर तो तिथंच बसला, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बोलून गेला. फोन, वादळ, बंधारा.

"पुळण जाईल हे ठावं असतं तर आधीच नेलं असतं, माय. आता तिथंबी दगूडच हाय. तुला भ्या वाटंल."

सरुबाईनं हाताला चिकटलेला चुरा झटकला.

"दगडाचं भ्या कुणाला हाय?" ती म्हणाली. "त्या राती तू उठलास, लघवीला जायाचं म्हनून. तुला घिऊन म्या भाईर निगाले. तवा श्रावस्ती जागी झाली. 'माय, मला बी,' म्हनली. म्या म्हनलं, गप नीज, आलेच."

प्रसेनजित तिच्याजवळ सरकला.

"हितं निजलं की कानात तेवढंच येतं. मला बी. घरात लई जवळून येतं, अंगनात बी येतंच. तिकडं त्यो समिंदर गप बसत न्हवता, त्येच्या आवाजात तिचा आवाज बुडायचा. वाळूचं काय घिऊन बसलास?" मग भीत भीत तिनं विचारलं, "आवाज हाय नव्हं अजून? का त्योबी गेला?"

"हाय," प्रसेनजित कसाबसा म्हणाला. "बंधाऱ्यावर आपटतो, लई मोठा येतो म्हनत्यात."

"मग न्हे मला."

ती उठून आपलं बोचकं बांधायला गेली. प्रसेनजित त्या टोचऱ्या चुऱ्यात एकटाच बसून राहिला. भरदुपारची वेळ. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळं कसं शांत होतं. ती शांतता त्याला पहिल्यांदाच ऐकू आली, आणि त्यानं दोन्ही हात कानांवर ठेवले.